चिमणाबाईचा स्लॅब

पत्रा टाकायचा की स्लॅब, यावरून चिमणाबाई आणि मंगळू यांचं त्या वर्षी सबंध हिवाळाभर चाललं होतं. त्याला भांडण म्हणता यायचं नाही, कारण भांडायला समोरचंही कोणी उलटून बोलणारं लागतं आणि मंगळू तसा माणूस नव्हता. तो तळहातावर तंबाखू मळत म्हणायचा, "पत्रा टाकू. दोन दिसांत डोक्यावर येल."

"आन पत्र्यावर काय बांधशील? कोंबड्यांचा खुराडा?" चिमणाबाई चुलीपुढून विचारायची. त्यांच्यात नवऱ्याला अहो-जाहो करायची रीत नाही.

"वर कशाला बांधायचं?"

"धनराजला. त्याचं लगीन व्हईल का नाय? का सून आली म्हंजे तू जाशील झाडाखाली निजायला?"

यावर मंगळू तंबाखू तोंडात टाकायचा आणि तेवढ्यापुरता विषय मिटायचा. चौऱ्याण्णव साल होतं. धनराज तेव्हा सहावीत होता आणि लग्नापेक्षा त्याला सायकल हवी होती. पण चिमणाबाईच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख होतं. खाली आपण दोघं, वर धनराज, त्याची बायको आणि पोरं. सकाळी सुनेने वरून हाक मारावी आणि आपण खालून ओ द्यावी. नाशिकात इंदिरानगरच्या मागे, पाथर्डीच्या वाटेवर त्यांनी तो जमिनीचा तुकडा घेतला होता तो यासाठीच. भिंती उभ्या राहिल्या होत्या. आता वर काय घालायचं एवढंच उरलं होतं.

ती मूळची पेठच्या पुढची, करंजाळीच्या अंगाची. तिकडे घरं कुडाची, वर गवताचं छप्पर. दर वैशाखात ते उतरवायचं आणि नव्याने शाकारायचं. आई शाकारायची, आजी शाकारायची आणि तरी श्रावणात कुठून तरी धार लागायचीच. भात निघालं की गावात काम उरत नसे. मग सगळे नाशिकला जगायला यायचे, पंचवटीतल्या पेठ नाक्यावर सकाळी घमेलं घेऊन उभे राहायचे. चिमणाबाई लग्न होऊन आली त्याच वर्षी मंगळूबरोबर नाक्यावर उभी राहिली, आणि गोरक्ष मुकादमाच्या टोळीत लागली ती कायमचीच.

गोरक्षची टोळी स्लॅब टाकणारी. मिक्सरमधून माल पडायचा तिथपासून गच्चीपर्यंत बायामाणसांची साखळी लागायची. खालून घमेलं वर जायचं आणि रिकामं होऊन खाली यायचं. चिमणाबाईची जागा शिडीच्या मधल्या पायरीवर असायची, कारण तिचा तोल चांगला. इंदिरानगरात तेव्हा बंगल्यांमागून बंगले उठत होते. त्यांतल्या कितीतरी घरांच्या छतांचा माल तिच्या हातांवरून वर गेला होता.

त्या कामात एक गोष्ट तिला आयुष्यभर सलत आली. स्लॅबाच्या दिवशी कोणालाही बसून जेवू देत नसत. दोघी-दोघींनी साखळीतून सुटायचं, भिंतीला टेकून भाकरी खायची, पाणी प्यायचं की परत उभं राहायचं. घास तोंडात असतानाच गोरक्ष ओरडायचा, "चला, चला! स्लॅब थांबायचा नाय!" का थांबायचा नाही हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं की मिक्सरचं भाडं चढतं म्हणून शेटजी माणसाला बसू देत नाही. "आपुन बसून खाल्लं तर त्याच्या पोटात दुखतं," असं एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. चिमणाबाईही हसायची, पण घरी आली की मंगळूला म्हणायची, "कुत्र्याला बी बसून खाऊ देत्यात रं."

हिवाळा सरता सरता मंगळूने मान हलवली आणि स्लॅब ठरला.

वैशाखात दिवस धरला. नाक्यावरची टोळी आली, आणि चिमणाबाईचा भाऊ गावाकडून टेम्पो भरून माणसं घेऊन आला. ती इर्जिक होती. कोणाच्या घरचं मोठं काम निघालं की सगळ्यांनी मजुरी न घेता हात लावायचा आणि घरधन्याने पोटभर जेवू घालायचं, अशी ती चाल. गोरक्षने मिक्सरसुद्धा आपल्या ओळखीवर आणला. सकाळी सळयांच्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, चिमणाबाईने सप्तशृंगीचं नाव घेतलं आणि पहिलं घमेलं स्वतः ओतलं. त्या दिवशी ती शिडीवर नव्हती. ती घरमालकीण होती. अंगणात तीन दगडांच्या चुलींवर भात आणि बोकडाचा रस्सा शिजत होता, बायका नागलीच्या भाकरी थापत होत्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा स्लॅब निम्मा झाला होता. गोरक्ष वरून म्हणाला, "चिमणाबाई, पाळीपाळीनं जेवायला सोडतो बरं का. चार-चार जणं येत्याल."

"पाळी कशाची? पंगत बसंल."

"अगं, काम निम्म्यात हे."

"काम कुठं पळून चाललं? गोरक्षदादा, तुझी मुकादमगिरी तिकडं शेटजीच्या घरी. माझ्या दारात माणूस उभ्यानं जेवायचा नाय. आज नाय म्हंजे नाय."

खाली हशा पिकला. कोणी तरी ओरडलं, "मालकिणीचा हुकूम! उतरा खाली!" मिक्सर बंद झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्लॅबाच्या दिवशी मिक्सर बंद झाला आणि काय शांत वाटलं म्हणून सांगावं! माणसं हात धुऊन सावलीला ओळीने बसली. धनराज तांब्या घेऊन पाणी वाढत फिरला. चिमणाबाई स्वतः रस्सा वाढत होती, "घे गं, घे, आज कोणी वरडणार नाय," म्हणत होती. गोरक्षसुद्धा मांडी घालून जेवला. आधी पुरुषांची पंगत उठली, मग बायकांची बसली. पान-तंबाखू झाली, म्हाताऱ्या दोघी जणींनी गाणं धरलं. त्या दुपारी होती तितकी सुखी ती अख्ख्या जन्मात कधी नव्हती.

सगळे परत वर गेले तेव्हा ओतलेल्या अर्ध्या स्लॅबाची कड पांढरी पडून घट्ट झाली होती. वैशाखातलं ऊन ते. गोरक्षने तिच्यावर बोट दाबून पाहिलं. मग सिमेंटचं पातळ पाणी करून कडेवर ओतलं आणि पुढचा माल टाकायला लावला. "काय व्हत नाय," तो म्हणाला. कोणी त्याला काही विचारलंही नव्हतं.

स्लॅब पुरा झाला. त्यावर मातीची आळी करून पाणी भरलं आणि पहाटे उठून चिमणाबाई ते कमी झालं का बघायची. खालच्या आधाराच्या फळ्या काढल्या तेव्हा खालून छत इतकं साफ दिसलं की मंगळू मान वर करून बघतच राहिला. "लय भारी झाला," एवढंच तो बोलला, पण मंगळूच्या तोंडून तेवढं म्हणजे फार होतं.

त्याच पावसाळ्यात छताला रेघ आली. मोठ्या खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी धरून आखावी तशी ओलीची सरळ रेघ. आधी ती नुसती काळसर होती. मग तिच्यावर थेंब धरू लागले आणि एकामागून एक खाली पडू लागले. चिमणाबाईने रेघेखाली भांडी मांडली. परात, पातेली, डालड्याचा डबा. धनराजचा अभ्यास एका कोपऱ्यात आणि अंथरुणं दुसऱ्या, अशी त्या खोलीची वाटणी झाली.

गोरक्ष आला. वर जाऊन त्याने फट उकरली आणि त्यात सिमेंट भरलं. पुढच्या वर्षी ती परत उघडली. मग डांबर तापवून त्यावर गोणपाट दाबलं. उन्हाळ्यात ते डांबर वितळून पन्हाळीपर्यंत ओघळलं आणि पावसाळ्यात थेंब परत सुरू. मग प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरून त्यावर विटा ठेवल्या, तो वाऱ्याने फाटला. दर वेळी गोरक्ष चहा न घेता निघून जायचा. चिमणाबाईला वाटायचं, कामाची घाई असेल.

गावाहून भाऊ भगताला विचारून आला. भगत म्हणाला, जागेचं देणं राहिलंय. कोंबडा दिला. चिमणाबाई चैत्रात गडावर चालत गेली आणि देवीपुढे डोकं टेकून आली. देवीला तिने कधी दोष दिला नाही. माझंच काही चुकलं असेल, ते दाखव, एवढंच ती म्हणायची. माणसाने मागितलेलं देव कधी कधी देतो आणि ते झेपत नाही, असं आपण म्हणतो. तिच्या बाबतीत ते खरं झालं, पण त्याला अजून वेळ होता.

पुढे सगळ्यांच्या सल्ल्याने कोबा घातला. विटांचे तुकडे चुन्या-सिमेंटात बसवून अख्ख्या गच्चीवर जाड थर दिला, पन्हाळीकडे ढाळ काढला, वर घोटून घोटून आरशासारखं केलं. त्या पावसात एक थेंब आला नाही. चिमणाबाई खोलीच्या मधोमध अंथरूण टाकून निजली. दुसरंही वर्ष कोरडं गेलं. तिसऱ्या वर्षी रेघेच्या जागी पाणी आलं नाही, पण स्वयंपाकघरात आलं, देव्हाऱ्यावर आलं आणि दाराच्या चौकटीशी आलं. कोब्याखाली शिरलेलं पाणी आतल्या आत हिंडत होतं, आणि कोबा इतका घट्ट बसलेला की तो काढायचा म्हणजे खालचा स्लॅबही फोडायचा.

या सगळ्यात धनराज मोठा झाला. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागला. सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. पल्लवी दिंडोरीकडची, तिचे आई-वडील द्राक्षबागांत कामाला. पोरगी हसरी होती. पहिल्या पावसाळ्यात तिने भांडी मांडायची जागा एका दिवसात पाठ केली आणि म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडे पाव्हणे आले की ताटं मांडतात, तुमच्याकडे पाऊस आला की मांडतात."

चिमणाबाई हसली, पण तिच्या मनाला ते लागलं. "या वरसापुरतं गं. वर तुमचं झालं की खाली येणारच नाय पाणी. वर छत आलं म्हंजे हा स्लॅब पाण्यात राहतोय व्हय?"

हा हिशेब तिने मनाशी पक्का केला होता. वर मजला चढला की हे छत छत राहणारच नाही, ते धनराजच्या घराची जमीन होईल. मग गळण्याचा प्रश्नच मिटला. धनराजलाही ते पटलं. कारखान्यातल्या मित्राचा भाऊ इंजिनिअर होता, त्याला एका रविवारी तो घेऊन आला.

पोरगा सभ्य होता. बूट काढून घरात आला. हातोडीने छत ठिकठिकाणी वाजवून पाहिलं. कुठे खणखणीत वाजलं, कुठे पोकळ. एका ठिकाणी हातोडी लागताच गिलाव्याचा पापुद्रा गळून पडला आणि आतली सळई दिसली. ती गंजून फुगली होती, बोटाने चिमटली तर तिचा भुगा हाताला लागला. तो वर गेला, खाली आला आणि त्या मधल्या रेघेखाली उभा राहिला.

"काका, स्लॅब टाकताना इथे काम थांबवलं होतं का?"

चिमणाबाईच्या हातात चहाची कपबशी होती.

"का हो साहेब?" धनराजने विचारलं.

"स्लॅब एका दमात टाकावा लागतो. मध्ये थांबलं की आधीचा माल सुकतो आणि नंतरचा त्याला धरत नाही. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यासारखं होतं. वरून काहीही लावा, त्या सांध्यातून पाणी जाणारच. बारा-तेरा वर्षं सळया पाणी पितायत."

मंगळूने खाकरून घसा साफ केला. "मशीन बंद पडलं व्हतं साहेब," तो म्हणाला. "लय वेळ. काय केल्या चालूच व्हईना."

चिमणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आयुष्यात तो तिच्यासमोर कधी खोटं बोलला नव्हता.

इंजिनिअर म्हणाला, "यावर मजला चढवायचा विचार सोडून द्या. मजलाच काय, हा कोबाही याला जड होतोय. जमलं तर उतरवा."

तो गेल्यावर पल्लवीने कपबशा उचलल्या. धनराज बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसला. त्याला ती पंगत आठवत होती. त्यानेच तर पाणी वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई गोरक्षच्या घरी गेली. तो आता थकला होता, ओट्यावर बसून असायचा.

"दादा, तुला ठावं व्हतं?"

काय ते त्याने विचारलं नाही. "मागनं ठावं झालं. तुझ्याकडं फट उकरली तवा."

"मंग त्या दिशी का नाय सांगितलं?"

"म्हनलो व्हतो की, पाळीपाळीनं जेवा."

"का ते सांगायचं व्हतं. का ते सांगितलं असतं तर मी काय अडून बसले असते?"

"का ते मला तरी कुठं ठावं व्हतं, चिमणाबाई? माझ्यावर वरचा वरडायचा, मी तुमच्यावर वरडायचो. मला बी वाटायचं शेटजीच खडूस हे."

ती तिथून उठली आणि सरळ कामावर गेली. गोविंदनगरकडे एका बिल्डिंगचा स्लॅब चालू होता. दुपारी सुरगाण्याकडच्या तीन-चार नव्या पोरी भाकरी घेऊन सावलीला बसायला निघाल्या. चिमणाबाई शिडीवरून म्हणाली, "बसू नका गं. उभ्यानंच खा आन या. स्लॅब थांबला तर त्या घराचं वाटोळं व्हतं."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, पण ऐकू येईल असं, "म्हातारी ठेकेदाराची झाली वाटतं."

बाकीच्या हसल्या. पूर्वी ती स्वतः असंच हसायची. तिने समजावून सांगायला तोंड उघडलं, पण खालून घमेलं आलं आणि ते वर द्यायला हवं होतं.

मंगळू पुढच्या थंडीत गेला. छातीत कफ धरला होता, तो सुटलाच नाही. ते खोटं तो का बोलला हे चिमणाबाईने त्याला विचारलं नाही आणि त्यानेही पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही. त्यांच्यात तेवढं एक शेवटपर्यंत तसंच राहिलं.

नंतर संपदाचा जन्म झाला. नात झाली म्हणून चिमणाबाईने गडावर जाऊन देवीला खण-नारळ वाहिला आणि परत आल्यावर घरातला कोरड्यात कोरडा कोपरा शोधून पाळणा बांधला. दर सकाळी ती हाताने छत चाचपून बघायची. स्टुलावर चढून, बोटं टेकवून, ओल लागते का ते. पल्लवी म्हणायची, "पडाल आत्याबाई." ती म्हणायची, "एवढी वरसं शिडीवर नाय पडले, तर स्टुलावरून काय पडते?"

श्रावणात एका दुपारी, पाऊस नसतानाच, छताचा एक तुकडा सुटला. ताटाएवढा. तो पाळण्याशेजारी फरशीवर आपटला, फुटला आणि त्याचे खडे पाळण्यात उडाले. संपदा दचकून रडायला लागली. तिला कुठेही लागलं नव्हतं, देवीची कृपा. पल्लवी चुलीवरचं तसंच टाकून धावली, पोरीला उचललं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. धनराज कामावरून येईपर्यंत ती घरात आली नाही. चिमणाबाईने दोनदा हाक मारली. पल्लवी एवढंच म्हणाली, "मी इथं बरी आहे."

धनराजने संध्याकाळी तो खड्डा पाहिला, खालचे तुकडे पाहिले आणि कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

"कुठं जाशील रं?"

"मित्राकडे. मग खोली बघतो."

"आरं, मी दुरुस्त करते. गोरक्षला सांगते, उद्याच—"

"काय दुरुस्त करशील, आये? आणि किती वेळा?"

"मी कोणासाठी टाकला हा स्लॅब? तुझा बाप पत्रा म्हनत व्हता. मी तुझ्यासाठी टाकला. तू वर राहशील म्हनून."

धनराज पिशवीची चेन ओढता ओढता थांबला. "तू माणसं जेवू घातली, आये," तो म्हणाला. "घर नाय बांधलं."

बोलला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि त्याने घेतलंही नाही. पल्लवीने वाकून चिमणाबाईला नमस्कार केला, संपदाला तिच्या हातात दिलं, पुन्हा घेतलं आणि ती तिघं मोटारसायकलवर बसून गेली.

धनराज तिला विसरला असं कोणी म्हणू नये. दर रविवारी तो यायचा. त्याने पाथर्डी फाट्याच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला आणि आईला न्यायला आला. ती गेली, राहिलीही. तिथे त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर होतं आणि त्याच्याही वर आणखी एकाचं. गच्चीला सोसायटीचं कुलूप असायचं. पल्लवीने तिला काही कमी केलं नाही. पण दिवसभर ती खिडकीशी बसून राही, आणि एके सकाळी म्हणाली, "मला घरी सोड रं. तिकडं कोण हे बघायला?" काय बघायचं आहे हे धनराजने विचारलं नाही. त्याने सोडलं.

पण त्या स्लॅबाखाली तिला एकटीला ठेवायला तो तयार नव्हता. त्या वर्षी भाद्रपदात पावसाने उघडीप दिली तेव्हा त्याने माणसं आणली. पितृपक्ष चालू होता. शेजारीण म्हणाली, "पितरांत कोणी घराला हात लावतं का?" चिमणाबाई म्हणाली, "पितर बी बघत असतील की कवा पडतंय ते." असलं काही ती पूर्वी बोलत नसे.

तोडणाऱ्यांनी आधी कोबा उकरला, मग घण घातले. ती अंगणात पाठ करून बसली होती. आवाज ऐकत होती. दुपारी एक जण येऊन म्हणाला, "मावशी, पाणी देता का?" तिने तांब्या दिला आणि त्यांना भाकरी खाऊन घ्या म्हणून सांगितलं. ते बसून जेवले. तोडायला काही घाई नसते.

संध्याकाळपर्यंत भिंतींवर नुसतं आभाळ उरलं. मग लोखंडी अँगल आले, त्यांवर निळे पत्रे आले, स्क्रू बसले, आणि मंगळू म्हणाला होता तसंच दोन दिवसांत डोक्यावर छत आलं. पत्रेवाल्याने भिंतीवरून उडी मारून खाली येत विचारलं, "मावशी, काही राहिलं का?" तिने नाही म्हणून मान हलवली. धनराजने जाताना तिच्या हातात एक मोबाईल दिला. हिरवं बटण कुठलं, लाल कुठलं, ते दोनदा दाखवलं.

त्याच आठवड्यात पाऊस परत आला, आणि असा आला की दोन दिवस कोणाला घराबाहेर पडता येईना. चिमणाबाई देवापुढे दिवा लावून खोलीत बसली होती. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा काय आवाज होतो हे तिला माहीत होतं, कामावरच्या शेडमध्ये तिने तो कितीदा ऐकला होता. पण शेडमध्ये दहा माणसं असायची. इथे तो आवाज अंगावर येत होता. देवाचं नाव मोठ्याने घेतलं तरी तिचं तिला ऐकू येईना.

तेवढ्यात फोन थरथरला. तिने हिरवं बटण दाबलं.

"आये, ऐकू येतंय का? गोदावरीला पूर आलाय, पुलावरनं पाणी चाललंय म्हणतात. तू ठीक आहेस ना? गळतंय का कुठं?"

"नाय रं. एक थेंब नाय."

"काय?"

"कोरडं हे!" ती ओरडली. "सगळं कोरडं हे!"

"तुझा आवाज येत नाही, आये. नुसता पाऊस ऐकू येतोय. थांबला की करतो मी परत."

मागे संपदा काही तरी बोलत होती, "आजी, आजी" असं असावं. मग फोन बंद झाला. चिमणाबाईने तो मांडीवर ठेवला आणि पाऊस थांबायची वाट बघत बसली. दिव्यातलं तेल संपत आलं तरी तो थांबला नव्हता.